म्हातारे जोडतारे आणि त्यांच्याभोवतीची डिस्क: नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची

धुळीची डिस्क म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर नुकते जन्मलेले तारे येतात, ग्रह तयार होतायत वगैरे. पण आयुष्य संपत आलेल्या ताऱ्यांभोवतीही जवळपास तशीच डिस्क सापडते, अट एवढीच की तारा एकटा नको, जोडीदार हवा. हा विषय भारी आहे आणि त्यावर मराठीत वाचायला फारसं काही मिळत नाही, म्हणून ज्यांना नुसतं वाचायचं नाही तर स्वतः डेटा उघडून बघायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. दुर्बीण लागत नाही. लॅपटॉप, इंटरनेट आणि जेमतेम पायथन येत असलं की झालं, सुरुवातीच्या पायऱ्या तर स्प्रेडशीटमध्येही जमतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण पुढे सारखी येणार आहे: कक्षेचा काळ, म्हणजे दोन तारे एकमेकांभोवती किती दिवसांत फिरतात तो आकडा, आधी हातात घ्या. नवीन लोक सुंदर फोटोंपासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात. ह्या ताऱ्यांमध्ये प्रकाश, स्पेक्ट्रम (रंगांत उलगडलेला प्रकाश), जेट (वायूचे वेगवान झोत), सगळंच कक्षेच्या तालावर बदलतं, त्यामुळे मोजमाप कक्षेच्या कुठल्या टप्प्यावर घेतलंय हे माहीत नसेल तर त्याचा अर्थ लावताच येत नाही.

आधी भानगड काय आहे ते

सूर्यासारखा किंवा त्याच्या काही पट वस्तुमानाचा तारा शेवटी फुगून रेड जायंट होतो, आणि त्यातला अगदी शेवटचा फुगलेला टप्पा म्हणजे एजीबी. तिथे तारा सूर्याच्या काही शेकडो पट मोठा होतो आणि बाहेरचं आवरण टाकून देत जातो. आवरण जवळजवळ संपलं की आतला गाभा आणि वर पातळसा थर एवढंच उरतं, वस्तुमान साधारण ०.६ सूर्य, तेज मात्र सूर्याच्या हजारो पट. ह्याला पोस्ट-एजीबी तारा म्हणतात. हा टप्पा काही हजार वर्षांत आटोपतो, ताऱ्यांच्या हिशेबात हे म्हणजे काहीच नाही.

आता जोडीदार जवळ असेल, एक-दोन खगोलीय एकक अंतरावर (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे एक एकक), तर फुगलेला तारा त्याच्यापर्यंत पोचतो आणि गडबड सुरू होते. टाकलेल्या पदार्थाला जोडीच्या कक्षेतून फिरण्याचा जोर मिळतो, त्यातला काही भाग निसटून न जाता दोघांच्या भोवती डिस्क बनून फिरत राहतो. पूर्ण टीम अशी: पोस्ट-एजीबी तारा, जोडीदार (बहुतेक वेळा साधा, अजून तरुणपणातला तारा, जो सहसा थेट दिसतच नाही), जोडीदाराभोवतीची स्वतःची छोटी डिस्क, तिच्यातून सुटणारे जेट, आणि ह्या सगळ्याला वेढा घालून बसलेली मोठी डिस्क. पदार्थ दोन्ही दिशांनी ये-जा करतो हे लक्षात ठेवा, डिस्क फक्त बसून नाहीये, ती ताऱ्याला परत खायलाही घालते.

आणि कोडं पहिल्याच पायरीवर आहे. ह्या जोड्यांच्या कक्षा साधारण १०० ते ३,००० दिवसांच्या निघतात. साध्या गणितानुसार इतकं जवळून भांडण झालं की एकतर कक्षा आक्रसून तास-दिवसांवर यायला हवी नाहीतर तारे लांबच असायला हवे होते, मधलं काही उरायला नको. शिवाय भरती-ओहोटीच्या ओढीने कक्षा गोल व्हायला हवी, तर बऱ्याच कक्षा चांगल्या लंबगोल आहेत. २०१८ साली अशा ३३ जोड्यांच्या कक्षा एकत्र मांडल्या गेल्या, त्यात हे चित्र अगदी स्वच्छ दिसतं.

पायरी १: एकच तारा निवडा

दहा तारे घेऊन बसू नका. आपल्या आकाशगंगेत अशा डिस्कवाल्या ८५ ताऱ्यांची यादी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली आहे, पण सुरुवातीला ह्यांच्यातला एक घ्या:

यू मोनोसेरॉटिस (शृंगाश्व तारकासमूह): तेजस्वी, शंभराहून जास्त वर्षांची निरीक्षणं आहेत. माझं मत विचाराल तर पहिला तारा हाच.

एसी हर्क्युलिस (शौरी): डिस्कच्या मध्ये मोठी पोकळी, ह्याच्यावर खाली बोलूच.

८९ हर्क्युलिस: जवळपास साडेपाचव्या प्रतीचा, अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसू शकेल असा, कक्षा सुमारे २८९ दिवसांची.

आयरास ०८५४४-४४३१: इंटरफेरोमेट्रीचा (अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून बारकावे बघायच्या तंत्राचा) हिरो.

रेड रेक्टँगल, म्हणजे एचडी ४४१७९, फोटो सगळ्यात सुंदर आणि नवख्यासाठी सगळ्यात वाईट निवड. डिस्क आपल्याला जवळपास कडेने दिसते, तारा थेट दिसतच नाही, दिसतो तो धुळीवरून विखुरलेला प्रकाश. त्यामुळे प्रत्येक मोजमापात एक जास्तीचा गुंता. तो नंतर करा.

तारा ठरला की सिम्बाडवर (ताऱ्यांची ऑनलाइन माहितीसूची) नाव टाकून सगळी टोपणनावं लिहून घ्या, कारण एकाच ताऱ्याचा डेटा वेगवेगळ्या कॅटलॉगमध्ये वेगवेगळ्या नावाने पडलेला असतो.

पायरी २: एनर्जीचा प्लॉट काढा

व्हिझियरमध्ये (खगोलशास्त्रातल्या कॅटलॉगांचा ऑनलाइन साठा) ताऱ्याचं नाव टाकलं की सगळ्या कॅटलॉगमधली तेजाची मोजमापं मिळतात, दृश्य प्रकाशापासून दूरच्या इन्फ्रारेडपर्यंत. आडव्या अक्षावर तरंगलांबी, उभ्या अक्षावर त्या तरंगलांबीला येणारी ऊर्जा, दोन्ही लॉग स्केलवर. ह्याला एसईडी म्हणतात.

नुसता तारा असता तर एकच कुबड दिसलं असतं. इथे दुसरं दिसतं, साधारण २ मायक्रॉनपासून उचललेलं. ते महत्त्वाचं आहे, कारण २-३ मायक्रॉनला चमकणारी धूळ म्हणजे हजार-दीड हजार केल्विन तापलेली धूळ, म्हणजे ताऱ्याच्या अगदी जवळची. एकट्या पोस्ट-एजीबी ताऱ्याची धूळ बाहेर पळत असते, ती लांब जाऊन थंड झालेली असते, तिचं कुबड कितीतरी पुढे, १०-२० मायक्रॉनच्या पलीकडे येतं आणि ताऱ्याच्या कुबडापासून वेगळं दिसतं. गरम धूळ आजही जवळ आहे ह्याचा अर्थ काहीतरी तिला धरून बसलंय, आणि धरून ठेवायचा सोपा मार्ग म्हणजे तिला गोल फिरवणं. फोटो न काढता डिस्क पकडली!

काही ताऱ्यांमध्ये २-३ मायक्रॉनचा भाग गायब असतो पण १० मायक्रॉनच्या आसपास भरपूर ऊर्जा येते, म्हणजे आतली धूळ नाही आणि बाहेरची आहे. ह्यांना ट्रान्झिशन डिस्क म्हणतात, वरच्या ८५ मध्ये साधारण दहा टक्के अशा आहेत.

इथले खड्डे सांगतो. वाइज उपग्रहाची ३.४ आणि ४.६ मायक्रॉनची मोजमापं तेजस्वी ताऱ्यांसाठी सॅच्युरेट होतात, आणि आपले तारे तेजस्वीच आहेत, त्यामुळे क्वालिटी फ्लॅग न बघता तो बिंदू वापरू नका. १९८३ च्या आयरास उपग्रहाची नजर फार मोठ्या भागावर पसरलेली होती, शेजारचा कचरा त्यात येऊ शकतो. वाटेतली धूळ निळा प्रकाश खाते, ती दुरुस्ती करावी लागते. आणि मुख्य म्हणजे हे तारे स्वतः कमी-जास्त होत असतात, तर एक मोजमाप तेजाच्या शिखरावरचं आणि दुसरं तळावरचं असं एकाच प्लॉटमध्ये येतं, त्यामुळे बिंदू वर-खाली दिसले म्हणून लगेच नवीन शोध लागला असं समजू नका.

अंतराचंही सांभाळा. गाया उपग्रह पृथ्वीच्या कक्षेमुळे ताऱ्याची जागा किती हलते त्यावरून अंतर काढतो, म्हणजे मोजपट्टी एक खगोलीय एककाची. आपल्या ताऱ्याची स्वतःची कक्षासुद्धा साधारण तेवढीच! दोन्ही हालचाली एकमेकांत मिसळतात, त्यामुळे गायाचा आकडा आंधळेपणाने घेऊ नका, दर्जा सांगणारा रूवे नावाचा आकडा १.४ च्या वर असेल तर सावध.

पायरी ३: लाइट कर्व्ह (वेळेनुसार तेजाचा आलेख), आणि इथे घाई नको

खरी मजा इथे आहे, वेळ इथे घालवा. एएव्हीएसओ ह्या तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेच्या साइटवरून यू मोनोसेरॉटिसचा पूर्ण डेटा उतरवा. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी वर्षानुवर्षं डोळ्यांनी केलेले अंदाज आहेत, एकेक बिंदू कच्चा पण संख्या इतकी की आकार स्वच्छ उमटतो.

पहिला बदल दिसेल तो स्पंदनाचा, तारा आकुंचन-प्रसरण पावतोय. हा आरव्ही टॉरी प्रकारचा तारा आहे, ह्यांची खूण म्हणजे एक खोल तळ, मग एक उथळ तळ, मग परत खोल. यू मोनोसेरॉटिसमध्ये खोल ते खोल ९१-९२ दिवस लागतात. लॉम्ब-स्कारगल (डेटातला काळ शोधायची गणिती पद्धत) लावलं तर प्रोग्रॅम बऱ्याचदा ४६ दिवस म्हणून सांगेल, कारण त्याला खोल-उथळ हा फरक कळत नाही, त्याला दोन्ही तळ सारखेच. दुप्पट करून फोल्ड करून बघा (म्हणजे सगळ्या फेऱ्या एकाच फेरीवर एकावर एक ठेवा), लगेच कळेल.

आता ह्या स्पंदनाच्या खाली लपलेला दुसरा बदल शोधा. साधारण ९२ दिवसांची सरासरी घेत पुढे सरका म्हणजे स्पंदन पुसलं जाईल, मग दिसेल की सरासरी तेजच हळूहळू खाली जातं आणि परत वर येतं, एका फेरीला सुमारे २,४५० दिवस, जवळपास पावणेसात वर्षं. हाच कक्षेचा काळ. असं हळू हेलकावणारे आरव्ही टॉरी तारे ते आरव्हीबी, आणि सरासरी स्थिर असणारे ते आरव्हीए.

का होतं हे? डिस्क आपल्याकडे कलती आहे. तारा कक्षेत फिरताना आपल्या बाजूच्या डिस्कच्या कडेजवळ आला की आपली नजर त्या जाड कडेतूनच जाते आणि धूळ प्रकाश अडवते, तारा पलीकडे गेला की नजर कडेच्या वरून मोकळी जाते. कलणं कमी असेल तर तारा कधीच झाकला जात नाही, तो आरव्हीए. म्हणजे हे दोन प्रकार बऱ्याच अंशी एकाच जातीचे तारे आहेत, आपण कुठल्या कोनातून बघतोय एवढाच फरक.

हे पटवून घ्यायची एक छान चाचणी आहे. तेज मॅग्निट्यूडमध्ये (लॉग मोजपट्टीवर) न ठेवता फ्लक्समध्ये (प्रत्यक्ष पोचणाऱ्या प्रकाशात) बदला आणि स्पंदनाची उंची सरासरी फ्लक्सच्या समोर प्लॉट करा. धूळ खरंच पडद्यासारखी आडवी येत असेल तर ती ताऱ्याचा सगळाच प्रकाश ठरावीक हिश्श्याने कापेल, म्हणजे सरासरी अर्धी झाली तर स्पंदनाची उंचीही अर्धी. २०१७ मध्ये आरव्हीबी ताऱ्यांच्या गटावर नेमकं हे तपासलं गेलं आणि संबंध सरळ रेषेतच निघाला. ताराच दमला आणि स्पंदन मंदावलं हा पर्याय त्यामुळे मागे पडला.

एक काळजी: तारा वर्षातून काही महिने सूर्याच्या जवळ असल्यामुळे दिसत नाही, डेटात दरवर्षी भोक पडतं, त्यातून ३६५ दिवसांच्या आसपास खोटा काळ निघू शकतो.

पायरी ४: वेग

कक्षेचा पक्का पुरावा प्रकाशातून नाही, रेषांच्या सरकण्यातून मिळतो. स्पेक्ट्रममधल्या रेषा निळीकडे-तांबडीकडे किती सरकतात त्यावरून तारा आपल्याकडे येतोय की लांब जातोय आणि किती वेगाने ते कळतं. ह्या कामात मोठा वाटा ला पाल्मा बेटावरच्या १.२ मीटरच्या मर्केटर दुर्बिणीचा आणि तिच्यावरच्या हर्मिस स्पेक्ट्रोग्राफचा आहे, बेल्जियमच्या ल्युव्हेन विद्यापीठातल्या हान्स व्हान विंकेल ह्यांच्या गटाने वर्षानुवर्षं तेच तारे परत परत बघितले. मोठी दुर्बीण नाही, पण दहा वर्षं चिकाटीने एकच काम केलं, आणि तीन-चार वर्षांची कक्षा दुसऱ्या कुठल्या मार्गाने मोजणार? मोठ्या दुर्बिणीवर वेळ रात्रींच्या हिशेबात मिळतो.

तुम्हाला प्रसिद्ध झालेले वेगाचे तक्ते व्हिझियरवर मिळतील. ते घेऊन कक्षेच्या काळावर फोल्ड करा. आरव्ही टॉरी ताऱ्यांमध्ये स्पंदनाचा वेग कक्षेच्या वेगाएवढा किंवा जास्तही असतो, म्हणून आधी स्पंदन वजा करा. फोल्ड केलेली लाट साइनसारखी गुळगुळीत आली तर कक्षा गोल, एका बाजूला कललेली आली तर लंबगोल.

पायरी ५: कागदावरचं गणित

इथपर्यंत आलात तर आता दहा मिनिटांत डिस्कबद्दल खरं काहीतरी सांगता येईल.

पहिलं, दोन ताऱ्यांमधलं अंतर. काळ वर्षांत घ्या, त्याचा वर्ग करा, एकूण वस्तुमानाने (सूर्याच्या पटीत) गुणा, घनमूळ काढा, उत्तर खगोलीय एककात. एसी हर्क्युलिस: काळ सुमारे १,१८९ दिवस म्हणजे ३.२६ वर्षं, दोघांचं वस्तुमान मिळून साधारण २.१. उत्तर २.८ एकक.

दुसरं, धूळ किती जवळ तग धरेल. २७८ भागिले तापमान, त्याचा वर्ग, गुणिले तेजाचं वर्गमूळ. दीड हजार केल्विनला धूळ वाफ होते असं धरा आणि तेज सूर्याच्या २,५०० पट, तर उत्तर १.७ एकक. खरी कडा ह्याच्या थोडी बाहेर सापडते, कारण बारीक धूळ जास्त तापते आणि मागची धूळही तिला परत ऊब देते.

तिसरं, गुरुत्वाकर्षण. फिरणारी जोडी आपल्या आसपासचा पदार्थ ढवळून बाहेर काढते, म्हणून डिस्क जोडीच्या अंतराच्या साधारण दोन ते तीन पटीच्या आत टिकत नाही, कक्षा जितकी लंबगोल तितकी कडा बाहेर. एसी हर्क्युलिससाठी साडेपाच ते साडेआठ एकक.

आता मोजलेली कडा बघा: वीस एककांच्याही पुढे! धुळीच्या वाफेने ती तिथे जात नाही, जोडीच्या ढवळण्यानेही नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या चारा इंटरफेरोमीटरने ह्या जोडीची कक्षा आकाशात प्रत्यक्ष मोजली तेव्हा ही तफावत अजून घट्ट झाली, आणि पोकळीत ग्रह असू शकतो ही शक्यता पुढे आली. ग्रह दिसलेला नाही, हे नीट लक्षात घ्या. पण तुमच्या कागदावरच्या तीन आकड्यांनी तुम्ही त्याच प्रश्नापर्यंत पोचलात.

पायरी ६: ताऱ्याच्या अंगावरची खूण

डिस्क ताऱ्याला परत खायला घालते म्हटलं त्याचा पुरावा ताऱ्याच्या पृष्ठभागावर आहे. डिस्कमध्ये जी मूलद्रव्यं जास्त तापमानालाच घट्ट होतात, टायटॅनियम साधारण १,५८० केल्विनला, लोह १,३३० ला, ती धुळीच्या कणांत अडकतात. जस्त आणि गंधक सातशे केल्विनच्या आसपासपर्यंत वायूतच राहतात. ताऱ्याचा प्रकाश कणांना बाहेर ढकलतो, वायू मात्र आत पडतो, आणि तारा असा गाळून घेतलेला वायू पितो. परिणाम असा की एचआर ४०४९ किंवा एचडी ५२९६१ सारख्या ताऱ्यांत लोह सूर्याच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी, आणि गंधक, जस्त मात्र जवळपास नॉर्मल. लोखंड कमी म्हणून हे विश्वाच्या सुरुवातीचे प्राचीन तारे असं समजायचा मोह होतो, तर तसं नाही.

कुठल्याही प्रसिद्ध तक्त्यातून मूलद्रव्यांचं प्रमाण घ्या आणि घट्ट होण्याच्या तापमानासमोर प्लॉट करा, उजवीकडे उतरणारी रेषा आली की समजा. आणि ट्रान्झिशन डिस्कवाल्या ताऱ्यांमध्ये हा उतार जास्त तीव्र असतो, म्हणजे जे धूळ अडवतंय तेच पोकळी करतंय असा संशय घ्यायला जागा आहे.

पायरी ७: जेट

हायड्रोजनची एच-अल्फा रेषा कक्षेच्या टप्प्यानुसार एकाखाली एक रचा. जोडीदार आपल्या आणि पोस्ट-एजीबी ताऱ्याच्या मध्ये येतो त्या टप्प्यावर रेषेच्या निळ्या बाजूला रुंद शोषण दिसतं, शेकडो किलोमीटर प्रति सेकंदापर्यंत पसरलेलं. मागच्या ताऱ्याचा प्रकाश जोडीदारातून निघालेल्या जेटमधून आपल्याकडे येतोय. टप्पा माहीत नसता तर एकाच ताऱ्याचे दोन स्पेक्ट्रम बघून तुम्ही गोंधळला असतात, एकात शोषण आहे, दुसऱ्यात नाही.

पायरी ८: आता फोटो बघा

२०१६ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी इंटरफेरोमीटरने, पायोनियर उपकरण वापरून, आयरास ०८५४४-४४३१ ची प्रतिमा काढली: धुळीचं कडं, मध्ये तारा, आणि जोडीदाराच्या जागी एक अंधुक ठिपका. त्या जोडीदाराकडून एवढा इन्फ्रारेड प्रकाश यायला नको होता, म्हणून तो त्याच्याभोवतीच्या छोट्या डिस्कचा असावा असा अर्थ लावला गेला. तारा सुमारे ४,००० प्रकाशवर्षं लांब आहे आणि बारकावा एक मिलीआर्कसेकंदाच्या (अंशाच्या छत्तीस लाखाव्या भागाच्या) आसपासचा, त्यामुळे एकच दुर्बीण इथे पुरणार नाही, शंभर मीटरहून लांब ठेवलेल्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करावा लागतो.

पण हा कॅमेऱ्याचा फोटो नाही. मोजमापांना जुळणारी प्रतिमा गणिताने उभी केलेली असते, काठावरचे फिकट डाग खरे असतीलच असं नाही. ईएसओच्या (व्हीएलटी चालवणारी युरोपियन वेधशाळा) अर्काइव्हमधून ओआयफिट्स फाइल (इंटरफेरोमेट्रीच्या मोजमापांची) मोफत उतरवता येते, ती उघडली तर आधी प्रतिमा न बनवता नुसती व्हिजिबिलिटी (एकत्र केलेल्या प्रकाशाचे पट्टे किती ठळक) बेसलाइनसमोर (दोन दुर्बिणींमधलं अंतर) प्लॉट करा आणि साधं कडं अधिक एक बिंदू एवढंच मॉडेल बसवून बघा. आणि निरीक्षणाची तारीख लिहून घ्या. एकाच ताऱ्याचा दोन वर्षांच्या फरकाचा डेटा एकत्र घातला तर आतली जोडी मधल्या काळात फिरून गेलेली असते, सूर्यकेंद्री ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातली सलग दिवसांची मोजणी) घेऊन कक्षेचा टप्पा काढा आणि जवळजवळच्या टप्प्यांचाच डेटा एकत्र करा.